त्राटिका उतरवताना

त्राटिकेचा मुखवटा वर्षभर भिंतीकडे तोंड करून टांगलेला असे. तोंड घराकडे झालं तर ती घरातलं बघते आणि बघितलेलं तिला हवंसं वाटतं, असं आजी आपल्या नातीला, भीमाला, सांगायची. आजी गेली, नियम राहिला. त्यामुळे भाद्रपदात भीमाचा बाप, आबा, वारला आणि तेरावा झाल्यावर एका सकाळी मुखवटा घराकडे वळलेला दिसला, तेव्हा भीमाने तो परत फिरवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वळलेला होता.

राजूरच्या बाजारापासून दोन तास वर चढलं की भीमाचं गाव. दर चैत्रात तिथे बोहाडा व्हायचा. गणपतीपासून रावणापर्यंत देवादैत्यांची सोंगं रात्रभर नाचायची आणि एकेक सोंग एकेका घराकडे पिढीजात असायचं. भीमाच्या घराकडे त्राटिका. ती सगळ्यांत शेवटी, उजाडता उजाडता निघे. हिरड्याच्या झाडावरून पडल्यापासून सहादेवचा, म्हणजे भीमाच्या आबाचा, डावा पाय ओढायचा. पण पांगाऱ्याच्या लाकडाचा तो मुखवटा चढला की दोन ठेके आणि एक फरफट, अशी काही चाल तो धरायचा की संबळवाला त्याच्या पायाकडे बघून वाजवायचा.

नाचणं सोपं, अवघड ते उतरवणं. सोंग अंगात भिनलेलं असतं. मुखवटा काढण्याआधी घरातल्या माणसाने समोर उभं राहून नाचणाऱ्याच्या पायांवर तांब्यातलं पाणी ओतायचं आणि त्याला तीनदा त्याच्या नावाने हाक मारायची. नातं चालत नाही, नावच लागतं. सोंगं पुकारणारे म्हातारे मच्छिंद्रबाबा दरवर्षी तीच गोष्ट सांगत. "त्राटिका का जन्माची राक्षसीन हुती? यक्षाची लाडकी लेक ती. तिच्या नवऱ्याला अगस्तीनं शाप दिऊन मारला. व्हय, त्योच आपला, खाली अकोल्यात ज्येचा आश्रम हाय. ही त्याच्या अंगावर धावली, तर हिलाबी शाप. एकानं जरी म्होरं हून तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली असती, तर ती माघारी आली असती. पन सगळे पळाले."

बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. म्हणून आजी हाक मारायची आणि आजीनंतर भीमा. पाच वर्षांची असल्यापासून ती खणखणीत आवाजात "सहादेव!" म्हणायची आणि गाव पोट धरून हसायचं.

गेल्या चैत्रात ती चौदाची होती. महिन्याभरापूर्वीच न्हाण आलं होतं. तांब्या घेऊन निघताना तिच्या चुलत्याची बायको रंगूकाकी बायकांच्या घोळक्यात म्हणाली, "आगं बया, येवढी घोडी झाली, अजून बापाला नावानं हाका मारती का काय? उद्या सासऱ्यालाबी मारशील!" बायका खिदळल्या. भीमाचे कान तापले. समोर त्राटिका धापा टाकत उभी होती, पिपाणी कर्कश वाजत होती. भीमाने पाणी ओतलं आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, "आबा. आबा. आबा."

कुणाला कळलं नाही. मुखवटा निघाला, घामाने भिजलेला आबा घरी आला. पण तेव्हापासून सोंग अंगातच राहिल्यासारखा तो भाकरीबरोबर मीठ मागेना. वाटेत मध्येच थांबून मान वळवायचा, लांबून कुणी हाक मारतंय का ते ऐकत राहायचा. त्या साली पावसाने दगा दिला, भाताची आवणी अडली, खाचरं भेगाळली. सगळ्यांचेच चेहरे उतरलेले, त्यात त्याच्याकडे कोण बघणार? भाद्रपदात ताप आला आणि पाचव्या दिवशी तो गेला. भीमाने आपली गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

मग संध्याकाळी दिवा लागला की खुंटीवरची घुंगरांची चाळ वाजायला लागली. छन, छन, आणि एक फरफट. ओसरीपासून चुलीपर्यंत. भीमाला त्या आवाजाची भीती नव्हती. एखाद्या दिवशी तो यायला उशीर झाला, तर मात्र ती दारापर्यंत जाऊन बघून यायची. तिची आई, बनुबाई, चुलीवरून मान वर न करता आबाचा पाट जरासा पुढे सरकवायची. दाराला कडी लावत नसे.

चैत्र आला. छगनकाका, आबाचा धाकटा भाऊ आणि रंगूकाकीचा नवरा, खडी फोडायच्या दुष्काळी कामावरून दोन दिवसांसाठी वर आला.

"वैनी, मला दादासारखी चाल येत न्हाई," तो बनुबाईला म्हणाला. "पन उभा तरी ऱ्हाईन. दुष्काळ हाय म्हनून देवाचं बंद ठिवायचं का?"

"हाक कोन मारनार?" बनुबाईने विचारलं.

काकाची पोरं दोन आणि चार वर्षांची. सगळ्यांनी भीमाकडे बघितलं.

उजाडताना छगनकाका मुखवटा चढवून चावडीपुढे उतरला आणि नुसता पाय आपटत राहिला. "काका, हितंबी खडी फोडतोस व्हय?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. आणि मध्येच त्याचा डावा पाय ओढला गेला. दोन ठेके, एक फरफट. संबळवाल्याचा हात अडखळला, मग त्या पायाकडे बघून वाजवू लागला. हसणं विझलं. एक म्हातारी हात जोडून खाली बसली.

कडेला तांब्या धरून उभ्या असलेल्या भीमाला सगळं कळलं. आबा गेलाच नव्हता. तिने बोलावलं नाही म्हणून तो त्या लाकडामागे वर्षभर थांबला होता. आता नावाने हाक मारली तर तो सुटेल. सुटेल म्हणजे जाईल. आणि नुसतं ओठांत "काका" म्हटलं, तर उद्या दिवा लागल्यावर चाळ वाजेल. परवाही वाजेल. पिपाणीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं?

त्राटिका तिच्यापुढे येऊन थांबली. रंगवलेले सुळे, लाल जीभ. जवळून आबाच्या तंबाखूचा वास आला. छगनकाका तंबाखू खात नसे.

"भीमे," रंगूकाकी मागून म्हणाली. आवाजात आता थट्टा नव्हती. तिच्या कडेवरचं पोर "बा, बा" करत मुखवट्याकडे हात पसरत होतं. "हाक मार ना गं. मला न्हाई मारता येत. पाया पडते तुज्या."

भीमाने त्या पोराकडे बघितलं. मग पाणी ओतलं, आधी डाव्या पायावर.

"सहादेव."

"आगं छगन म्हन, छगन!" बायका कुजबुजल्या. मच्छिंद्रबाबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"सहादेव."

मुखवट्याची मान जराशी वळली, वाटेत आबाची वळायची तशी. पण या वेळी हाक ऐकू आल्यासारखी.

तिसरी हाक भीमाने पाच वर्षांची असताना मारायची तशी खणखणीत मारली. "सहादेव!"

गाव हसलं नाही. ओढलेला पाय हळूच सरळ झाला. तंबाखूचा वास गेला. मग उरलेलं पाणी ओतून तिने तीनदा छगन म्हटलं, तेव्हा आतून खोकल्याची उबळ आली. "व्हय व्हय, ऐकलं," छगनकाका म्हणाला. "काढा हे आता. जीव गुदमारला माजा." रंगूकाकी पोराला घट्ट धरून रडायला लागली.

संध्याकाळी बनुबाईने दिवा लावला. मुखवटा भिंतीकडे तोंड करून होता आणि तसाच राहिला. रेशनच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी थापताना बनुबाईचा हात थांबला. दोघींनी कान दिला. काही नाही. बनुबाई उठली, तिने दाराला कडी घातली आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"आई, गेल्या साली मी..."

"ठावं हाय. तुजे ओठ दिसत हुते मला." ती दाराशीच बोलत होती. "मला तोंड न्हवतं का? मीबी हाक मारली न्हाई."

तव्यावरची भाकरी करपत होती. भीमाने ती उलटली.

"सतरा वर्सांत एकदाबी त्ये नाव माज्या तोंडात आलं न्हाई," बनुबाई म्हणाली. "म्हन परत एकदा. हळू."

"पन आई..."

"म्हन."

भीमाने म्हटलं. बनुबाईचे ओठ तिच्याबरोबर हलले, आवाज तेवढा भीमाचाच होता. खुंटीवरची चाळ हलली नाही.