शेवटच्या माणसाचा घोट

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. दुकानातल्या झुळझुळीत पोरींसारखी मला बॅकपॅक वगैरे म्हणाल तर मी ओ देणार नाही. मी सॅक. जाड हिरव्या ताडपत्रीची, दोन चामडी पट्ट्यांची, पुण्याची. माझं एक बक्कल केव्हाच तुटलं. त्या जागी पायजम्याची नाडी आहे आणि मला तिची बिलकूल लाज वाटत नाही.

माझा जन्म चौऱ्याऐंशी सालचा. टेलिफोन खात्यात नोकरीला असलेल्या कमलाकरांनी वर्तमानपत्राच्या कागदावर माझा आकार काढला आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराकडून मला शिवून घेतलं. तो म्हणाला, "साहेब, ही तुमच्यापेक्षा जास्त टिकंल." दोघं हसले. त्याचं बोलणं इतकं खरं ठरेल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं! कमलाकरांनी घरी येऊन पांढऱ्या ऑइलपेंटनं माझ्या झाकणावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'कमलाकर, पुणे'.

वीस-बावीस वर्षं मी त्यांच्या पाठीवर सह्याद्री हिंडले. माझ्यात काय नव्हतं? दोरी, मेणबत्त्या, काडेपेटी, जळवांसाठी मिठाची पुडी, भाकऱ्या, आणि पाण्याची बाटली. त्या बाटलीचा एक नियम होता. गडावर पुढे पोचलेल्यांनी शेवटचा माणूस वर येईपर्यंत घोटभरही पाणी प्यायचं नाही. शेवटचा माणूस आला की पहिला घोट त्याचा. आणि "उशीर का झाला?" हे त्याला कुणी विचारायचं नाही. एकदा एका नव्या पोरानं विचारलं, तर कमलाकर एवढे भडकले की काही विचारू नका. "धापा टाकतोय तो, दिसत नाही? आधी पाणी दे!"

त्यांची मुलगी ऋजुता सहा वर्षांची असताना कायम शेवटचा माणूस असायची. पुढे ती हरणासारखी पळायला लागली आणि वर जाऊन बापाची वाट बघत बसायची. बाटली मांडीवर, झाकण बंद.

मग ती इंजिनियर झाली आणि कामाचा व्हिसा घेऊन इंग्लंडला, लीड्सला गेली. बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम. मी माळ्यावर गेले.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत कमलाकर गेले. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली. तेव्हा ऋजुताचा पासपोर्ट व्हिसा वाढवायला पाठवलेला होता. "आई, पासपोर्टच हातात नाही. येताच येत नाही गं," असं ती फोनवर म्हणाली. सगळं दिवसपाणी तिनं फोनवरूनच ऐकलं.

पण ते अर्धंच खरं होतं. पासपोर्ट परत मागवता येत होता. फक्त मग अर्ज रद्द झाला असता, आणि व्हिसा नाही तर नोकरी नाही. तिनं एक अख्खा दिवस विचार केला आणि मागवला नाही. हे तिच्या ऑफिसातल्या श्रीनिवासला तेवढं ठाऊक होतं. मला कसं कळलं? एप्रिलमध्ये श्रीनिवास पुण्याला आला, तेव्हा तिच्या आईनं, लीलावतीबाईंनी, मला माळ्यावरून काढलं, मेतकूट, गोडा मसाला आणि लोणचं भरलं आणि त्याच्याबरोबर विमानानं पाठवलं. लीड्सच्या त्या घरात मी जमिनीवर पडले असताना दोघं बोलत होते.

"काकूंनी अस्थी ठेवल्यात थोड्या. तुझ्यासाठी," श्रीनिवास म्हणाला. "सगळे त्यांना नावं ठेवतायत. तुझे उदयकाका तर म्हणाले, गणपतीच्या आत विसर्जन झालंच पाहिजे, मुलगी येवो न येवो."

"हं," ऋजुता म्हणाली.

"तू सांगितलंस का त्यांना? पासपोर्टचं?"

"लोणचं सांडलंय वाटतं," ती म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

मित्रांनो, ती रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. ऑफिसला जायची, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायची, रविवारी आईला फोन करायची. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी यायचं तेवढंच. मला तिनं रिकामी करून कपाटावर टाकलं. वाईट वाटलं मला. पण तिला काही वाटत नव्हतं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

मे महिन्यात पासपोर्ट परत आला. आई म्हणाली, "आता ये गं." ऋजुता म्हणाली, "तिकिटं मिळत नाहीयेत, समर आहे ना." जुलैत तिला आठवडाभर सुट्टी मिळाली. तिकिटं मिळत होती. तिनं रेल्वेचं काढलं, स्कॉटलंडमधल्या एडिनबराचं. एकटीचं.

आणि न्यायला मला काढलं! चाकांची छान बॅग होती तिच्याकडे. पण तिनं मलाच खाली ओढलं आणि यंत्रागत भरायला लागली. दोरी. मेणबत्ती. काडेपेटी. मिठाची पुडी. बाटली. अगं बाई, म्हटलं, रात्री दहापर्यंत उजेड असतो तिथे, मेणबत्ती कशाला? भर शहरात जळवा कुठल्या? पण तिच्या हातांना सॅक भरायची ही एकच रीत माहीत होती.

चार दिवस आम्ही ते शहर पालथं घातलं. हॉस्टेलच्या खोलीत आठ पलंग. माझ्या गोड्या मसाल्याच्या वासानं तिथल्या पोरींनी खिडक्या उघडल्या. रस्त्यावर झगेवाले बाप्ये पिशवीची पिपाणी वाजवत होते, कोपऱ्याकोपऱ्यावर लोक फोटो काढत होते. ऋजुता सगळं बघायची आणि पुढे जायची. चिप्स घ्यायची, चार खायची, उरलेल्या समुद्रपक्षी पळवायचे. शहराच्या डोक्यावर थोरला किल्ला आहे. तिथे तिकिटाची रांग होती. तिकीट काढून किल्ला! कमलाकर असते तर म्हणाले असते, "छ्या! बाहेरूनच रामराम." तेवढ्याला ती हसेल असं मला वाटलं. ती फक्त रांगेकडे बघून वळली.

पाचव्या दिवशी आम्ही आर्थर्स सीटवर गेलो. शहराच्या मधोमध डोंगर आहे हो! पर्वतीहून उंच आणि सिंहगडाहून पुष्कळ बुटका. लहान पोरं आणि कुत्रीसुद्धा चढतात. ऋजुता मात्र कमलाकरांनी शिकवल्याप्रमाणे चढली, न बोलता, छोटी पावलं टाकत. वर पोचली, मला उतरवलं, बाटली काढली आणि मांडीवर घेऊन बसली.

झाकण उघडलं नाही.

अर्धा तास गेला, तास गेला. ऊन चांगलंच तापलं होतं. तिचे ओठ सुकले होते. माणसं येत होती, फोटो काढून उतरत होती. ती वाटेकडे बघत होती. अगं पोरी, कुणाची वाट बघतेस? मला बोलता आलं असतं तर!

तेवढ्यात एक विशीतली मुलगी मैत्रिणींना सोडून आमच्याजवळ आली. माझ्या झाकणावरची अक्षरं ती बोट लावून वाचायला लागली. "क... म... ला... कर. पुणे! ओ माय गॉड, तुम्ही मराठी आहे? मी ईशिता. कार्डिफची. माझी आजी पुण्याचे आहे!"

"हो का," ऋजुता म्हणाली.

"कमलाकर तुमचा नाव आहे?"

"माझ्या बाबांचं."

"ओ, नाइस. ते मागून येतायत?"

ऋजुताचा हात बाटलीवर घट्ट झाला. "नाही. ते वारले. फेब्रुवारीत."

मित्रांनो, पाच महिन्यांत हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"आय अ‍ॅम सो सॉरी," ईशिता म्हणाली आणि शेजारी बसली. मग तिनं बाटलीकडे बघितलं. "तुम्ही पाणी नाही पीत? खूप हॉट आहे. कोणासाठी वेट करताय?"

तेव्हा ऋजुतानं तिला तो नियम सांगितला. शेवटच्या माणसाचा, पहिल्या घोटाचा. अगदी हवामान सांगावं तसा, कोरड्या आवाजात.

ईशितानं इकडेतिकडे बघितलं. "पण तुम्ही एकटेच आले ना?"

"हो."

"मग लास्ट माणूस तुम्हीच आहे."

पोरगी आपली सरळ बोलली. तिला काय ठाऊक, कुठे काय लागलं ते! मैत्रिणींनी हाक मारली तशी ती "टेक केअर हं, ताई" म्हणून पळाली. ऋजुतानं बाटली न उघडताच माझ्यात परत ठेवली आणि मोबाइलवरून पुण्याला फोन लावला. लीलावतीबाई परदेशच्या फोनवर अजून ट्रंककॉल असल्यासारख्या ओरडून बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आई, पासपोर्ट परत मागवता आला असता," ऋजुता म्हणाली. "तेव्हा. मी मागवला नाही. व्हिसा गेला असता, नोकरी गेली असती, म्हणून. मी तुला खोटं सांगितलं."

ऋजुतानं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"आई? ऐकलंस का?"

"ऐकलं," लीलावतीबाई म्हणाल्या. या वेळी ओरडून नाही. "कधी येतेस तेवढं सांग."

तिनं आणखी रजा काढली आणि त्या फोननंतर अकराव्या दिवशी आम्ही पुण्यात होतो. दारात लीलावतीबाई उभ्या. मागे उदयकाका, हाताची घडी घालून. ऋजुतानं चपला काढल्या न काढल्या तोच त्यांनी तोंड उघडलं. "काय गं, बाप गेला आणि सहा महिने तुला—"

"भावोजी," लीलावतीबाई म्हणाल्या, "आधी पाणी पिऊ दे तिला."

त्यांनी तांब्या-भांडं पुढे केलं. दोनदा भरून दिलं. ऋजुता उंबऱ्यातच बसली, मला पाठीवरून न उतरवता, आणि पाणी पिता पिता रडायला लागली. अशी रडली म्हणता! नाक, डोळे, पाणी सगळं एक झालं. लीलावतीबाई तिच्या शेजारी बसल्या आणि माझा पट्टा तिच्या खांद्यावरून हळूच सोडवला. उशीर का झाला, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. मग तेच भांडं भरून त्या स्वतः प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी अस्थी इंद्रायणीवर न्यायच्या होत्या. काकांनी नवी पिशवी आणली होती. ऋजुता म्हणाली, "नको, सॅकमधून नेऊ." लाल फडक्यात बांधलेलं ते छोटं गाडगं तिनं माझ्यात ठेवलं. ज्या माणसानं मला वीस-बावीस वर्षं वाहिलं, त्याला मी तेवढं एकदा वाहिलं. काही म्हणजे काही वजन नव्हतं हो.

आता मी ऋजुताबरोबर लीड्सलाच असते, जिन्याखाली. मिठाची पुडी अजून माझ्या खिशात आहे, पार दगड झालीय. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल, तर तिला फेकू नका. वर्षातून एकदा ऊन दाखवा, बुरशी लागत नाही. आणि डोंगरावर तुम्ही आधी पोचलात, तर बाटलीचं झाकण लगेच उघडू नका. मागून कुणीतरी येत असतं. ते आलं की त्याला काही विचारू नका. पाणी द्या.