आत जाणाऱ्या तारा

धनराज एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलर ऑपरेटर होता, आणि माणसांवर विश्वास ठेवणं त्याने चार वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं. थोरल्या लेकीच्या, सविताच्या लग्नात मुलगा कंपनीत कायम आहे म्हणून सांगितलं होतं. निघाला बदली कामगार, वर हात उचलणारा. सविता माघारी आली. तेव्हापासून धाकट्या तृप्तीला स्थळ आलं की धनराज आधी त्यातलं खोटं शोधायचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा तर साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

अठ्ठ्याण्णव साली मध्यस्थ निवृत्तीने सुनीलचं स्थळ आणलं. मुलगा गुजरातेत, संशोधन संस्थेत.

"समुद्राच्या पाण्यातनं वीज काढतो," निवृत्ती म्हणाला. "कोळसा नाय, धूर नाय. सूर्यात चालतं तसं."

सूर्य म्हटल्यावर धनराजच्या भुवया चढल्या. युनियनच्या कामाला जातो असं घरी सांगून त्याने थेट गुजरातची एस.टी. धरली. संस्थेच्या कुंपणाबाहेर टपरीवर तो तासभर बसला. चिमणी नव्हती, गावाकडे जाणारी लाईनही कुठे दिसेना. जाड तारा होत्या, त्या आत जाऊन संपत होत्या.

"बिजली लेते हैं साहब, बहुत लेते हैं," टपरीवाला म्हणाला. "देते कभी नहीं देखा."

म्हणजे लबाडच! धनराजला बरं वाटलं. घरबसल्या नकार कळवता आला असता, पण त्याला ते खोटं चारचौघांत पकडायचं होतं.

रविवारी सुनील आई वत्सलाबाईंना घेऊन आला. जय भीम झालं, पोहे आले, तृप्ती येऊन बसली. सविता आतल्या खोलीत होती. चार दिवस माहेरपणाला आलीय, असं पाहुण्यांना कळवलेलं होतं. ते धनराजनेच कळवायला लावलं होतं, आणि त्याला तो खोटं म्हणत नसे.

"उष्णता किती असते तुमच्याकडं?" त्याने सुरुवात केली.

"काही लाख अंश. खरं काम व्हायला दहा कोटींच्या पुढे लागेल."

"आम्ही पाचशे चाळीसची वाफ सांभाळताना घामाघूम होतो. तुमची भिंत वितळत नाय?"

"तो तापलेला वायू भिंतीला लागूच देत नाही. चुंबकाच्या जोरावर मधोमध धरून ठेवतो."

उत्तर धनराजला फारच गुळगुळीत वाटलं. आता त्याने फास टाकला. "बरं, लोड किती देता? बाहेर वीज किती जाते?"

"अहो, हजारो घरं..." निवृत्ती मध्येच घाईने म्हणाला.

"काहीच नाही," सुनील म्हणाला. "आम्ही वीज घेतो. आणि यंत्र चालतं एका सेकंदाचा दहावा भाग."

निवृत्तीने कपाळाला हात लावला.

"मग लोकांना वीज मिळायची कधी?"

"सगळे म्हणतात तीस वर्षांनी. तीस वर्षांपूर्वीही तेच म्हणायचे, काका. गेल्या वर्षी विलायतेत, जेवढी उष्णता घातली तिच्या निम्म्याहून जास्त परत मिळाली, तीही क्षणभरच. होईल असं मला वाटतं. माझ्या नोकरीत होईल असं नाही वाटत."

धनराजला रागच आला. पकडायला काही उरलंच नव्हतं. बघायला आलेल्या मुलीसमोर, आपल्या हातून काही पिकत नाही, असं सांगणारा मुलगा त्याने आजवर पाहिला नव्हता.

"चौकशी आम्हीही केलीय," सुनील शांतपणे म्हणाला. "सविताताई खरंच माहेरपणाला आल्यात?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. तृप्तीने मान वर करून बापाकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. चार वर्षांत जीभ सरावली होती. नाही म्हटलं तर बहीण नांदत नाही म्हणून हे स्थळ उठून जाणार. आणि असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं, हे त्याला आता कळलं होतं.

"नाय," तो म्हणाला. "चार वर्षं झाली तिला माघारी येऊन. चौकशी न करता दिली मी तिला. चूक तिची नाय, माझी हाय. अन् लपवतोय तोही मीच."

वत्सलाबाईंनी बशी खाली ठेवली. झालं, आता उठणार, असं धनराजला वाटलं.

"चूक तुमची," त्या म्हणाल्या, "मग आत तिला का बसवलंय?"

धनराज उठला, आतल्या दारापाशी गेला आणि पाहुण्यांच्या देखत त्याने मोठ्याने हाक मारली, "सविता, बाहेर ये, बाळा."