शेंदराखालचा गोटा

मित्रांनो, मी लोणावळ्याजवळच्या औंढ्यातल्या भैरोबाच्या देवळापुढचा गोटा आहे. काळा, गोल, दीड पोतं सिमेंटाच्या वजनाचा आणि तुमच्या पणज्यांच्या पणज्यांहूनही म्हातारा. गावात कुणी म्हणतं, मी आभाळातून पडलो. कुणी म्हणतं, भीमानं गोट्या खेळताना मला इथं टाकलं. थापा! साफ थापा! मी वरून पडलेलो नाही, खालून वर आलेलो आहे, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

तुम्ही आंबा खाता ना? पृथ्वीची रचना तशीच समजा. वर पातळ साल, म्हणजे भूकवच. त्याखाली जाड गर, म्हणजे प्रावरण. मधोमध कोय, म्हणजे लोखंडाचा गाभा. फरक एवढाच, की हा गाभा बाहेरून वितळलेला आणि आतून घट्ट आहे. प्रावरणाचा खडकही घट्टच, पण तो अगदी हळू, कुणाला पत्ता न लागू देता सरकत राहतो. माझा जन्म त्याच प्रावरणातला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथला खडक वितळला, जमिनीला भेगा पडल्या आणि आम्ही लाव्हारस होऊन भसाभसा वर आलो. थरावर थर बसले, त्यांचाच सह्याद्री झाला. खंडाळ्याच्या घाटातून जाताना कड्यांवर आडवे पट्टे दिसतात, ते सगळे माझे भाऊबंद. मी एका थराच्या वरच्या अंगाला होतो. निवताना पोटातला वायू बाहेर पडू शकला नाही, म्हणून अंगभर बुडबुड्यांची भोकं राहिली. पुढं ऊनपावसानं कोपरे झिजवले आणि मी असा गोल गरगरीत झालो.

तेव्हा आपला हा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता बरं का! पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. आमचा पट्ट उत्तरेकडं निघाला, तेव्हा साधारण तुमचे केस वाढतात त्या गतीनं, आता नखं वाढतात त्या गतीनं. बसल्या जागी मी हजारो किलोमीटर हिंडलो! वाटेत आशियाचा पट्ट आडवा आला. आमचा काही हटला नाही. रेटत राहिला, रेटत राहिला आणि हिमालय उभा केला. आजही रेटतोच आहे. याला म्हणतात चिवटपणा!

पुढं माणसं आली, गाव वसलं, जत्रा भरू लागली. मला उचलून खांद्यावर घ्यायचं ही इथली रीत, आणि जो घेईल त्याला मानाचा फेटा. तालमीतल्या हौशीरामानं मला एकदा असा उचलला, की हलगीवाल्याचा हात थांबेना. काय ते दिवस! पण त्या कौतुकानंच माझा घात केला. गावानं मला देवपण दिलं. दर अमावास्येला तेल आणि शेंदूर. पुटावर पुट चढलं, भोकं बुजली, अंग गुळगुळीत झालं. गड्यांचे हात सटकू लागले. लोक म्हणू लागले, आताच्या पोरांत दम न्हाई. अरे, दम होता, बोटं रुतवायला जागा नव्हती! ओरडून सांगितलं असतं, पण दगडाला तोंड कुठलं?

यंदा जत्रेआधी गाव जमला. जत्रेचा कारभार बघणारे हनुमंतआबा म्हणाले, "लय वरसं झाली, गोटा काय हलंना. ह्या जत्रंत कुनी उचलला तर ठीक. न्हाईतर नव्या मंडपाच्या पायात घालू."

माझ्या दगडाच्या काळजातही चर्र झालं. पुन्हा मातीत? पुन्हा अंधार?

"मी उचलते," रेणुका म्हणाली. ती गावच्या शाळेत भूगोल शिकवते आणि सकाळी लोणावळ्याच्या व्यायामशाळेत वजनं उचलते. पृथ्वीचा धडा आला की पोरांना घेऊन थेट माझ्यापाशी येते. "हा गेला तर मुलांनी पृथ्वीच्या पोटातलं काही हातात धरायचं कधी?"

"बाई, गोटा हाय त्यो. खडू न्हाई!" आबा म्हणाले आणि सारा पार खो खो हसला. रेणुकाचा चेहरा लाल झाला, पण शब्द काही तिनं मागे घेतला नाही.

ती रोज सरावाला येऊ लागली. मला गुडघ्यापर्यंत न्यायची आणि मी निसटायचो. मला माझीच चीड यायची. एके दिवशी ती माझ्यावरून हात फिरवता फिरवता थबकली. "आकाराच्या मानानं हलका आहे, म्हणजे लाव्हाच्या थराच्या वरच्या अंगाचा दगड. मग याची भोकं कुठं गेली?" तिनं नखानं शेंदूर टोकरला आणि खाली काळं भोक दिसलं.

पण देवाचा शेंदूर खरवडायचा कसा? तो लावणाऱ्या म्हाताऱ्या कस्तुराबाईंकडं ती गेली. मावशी तिच्याबरोबर माझ्यापाशी आल्या, त्या भोकावर त्यांनी बोट ठेवलं. डोळे भरून आले त्यांचे.

"माज्याच हातानं बुजवला की गं ह्याला."

"मावशी, तुमची परवानगी नसेल तर राहू दे."

"ऱ्हाऊ दे कशापायी? शेंदूर लई साचला की देव आपसूक कवच सोडतो का न्हाई? तसंच समजायचं. आन ती खुरपी, मीच काडते."

आणि त्यांनीच माझं अंग मोकळं केलं. किती वर्षांनी वारा लागला, मित्रांनो!

जत्रेच्या दिवशी रेणुकानं पदर खोचला, हाताला माती चोळली, बोटं भोकांत रुतवली. गुडघा. मांडी. छाती. तिथं ती अडली, माझा जीव टांगणीला लागला. पण तिनं रेटा सोडला नाही. "उचल बाई, उचल!" कोण ओरडत होतं? हनुमंतआबा! आणि मी खांद्यावर होतो. हलगी कडाडली, शाळेतली पोरं नाचू लागली, कस्तुरामावशींनी कडाकडा बोटं मोडली. आबांनी स्वतः तिला फेटा बांधला आणि ते गरजले, "पायात दुसरा धोंडा बगा रं! ह्यो हितंच ऱ्हानार!"

मित्रांनो, तुमच्याही गावात असा एखादा म्हातारा दगड असेल. त्याच्या पाया पडायचं तर जरूर पडा, पण त्याला पुटाखाली गाडू नका. त्याला हात लावा, तो कुठून आला ते विचारा, पोरांना दाखवा. आणि दंडात बळ असेल तर पुढच्या जत्रेला औंढ्याला या. पोरी आत्ताच रांग लावून बसल्यात, तुमचा नंबर त्यांच्या मागं!