आवळीखालची पंगत

दिवाळीची धामधूम ओसरली होती. बालाघाटच्या बाहेर, जिथं परवापरवापर्यंत धानाच्या बांध्या होत्या, तिथं उभ्या राहिलेल्या ‘वृंदावन ग्रीन्स’ कॉलनीत अनुसया मेंदीचं कुंपण छाटत होती. पावसाळ्यात मेंदी भलतीच माजली होती. कुंपण कमरेइतकंच हवं, बागेतून रस्ता दिसला पाहिजे, असा कॉलनीवाल्यांचा आग्रह. नावातली हिरवाई या एकट्या बाईच्या हातची होती, हे मात्र पाटीवर लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बागेच्या मधोमध आवळीचं झाड होतं. अनुसयेचा नवरा फकिरा इथला पहिला माळी. घरांच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या तेव्हा लांजीहून बसनं, मांडीवर धरून, त्यानं ते रोप आणलं. पुढे काविळीनं तो गेला आणि त्याची कात्री तिच्या हाती आली. यंदा आवळीला पहिल्यांदा फळ धरलं. मग कॉलनीतल्या बायकांनी ठरवलं, आवळी नवमीची पूजा आणि जेवण यंदा इथंच.

ते ऐकून अनुसयेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिची लेक पौर्णिमा गरोदर होती आणि नवमीला सासूसोबत खैरलांजीहून येणार होती. बापानं लावलेल्या झाडाखाली लेकीच्या शेजारी बसून चार घास खावेत, यापलीकडे त्या माउलीला काही नको होतं. तिनं गवत उपटलं, आळं बांधलं, खोडाला गेरू लावला, बायकांच्या डोक्याला लागू नयेत म्हणून खालच्या फांद्या छाटल्या.

आदल्या दिवशी आशालताबाई चहा घेऊन आल्या. निवृत्त अधिकाऱ्याची बायको, स्वभावानं प्रेमळ, पूजेच्या कारभारीणही त्याच.

“किती सुंदर केलंस गं!” त्या म्हणाल्या. “उद्या मात्र तू सुट्टी घे हं. सवाष्णींचं असतं ना ते. पौर्णिमाला पाठव, तिला मी पहिलं पान वाढीन.”

“काहून बाई? रोज तं माह्याच हातचं पानी चालते झाडाले.”

“मला काही नाही गं त्याचं. बाकीच्या बायका बोलतात. आणि तुझी लेक पोटुशी, कशाला विषाची परीक्षा घ्यायची?”

चहा गोड होता, बोलणंही गोड होतं. अशा गोडव्याशी भांडायचं कसं, हे गरिबाला कुणी शिकवत नाही.

पण अनुसयेनं मनाशी गाठ बांधली. ‘झाड माह्या मालकाचं हाये. पाहू कोन उठवते!’ दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतली निळी साडी नेसली, गळून पडलेल्या आवळ्यांची चटणी वाटून डब्यात भरली आणि बाग गाठली.

खोडाला सूत गुंडाळून झालं होतं. पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. अनुसया सरळ पंगतीपाशी गेली. कुणी वाईट शब्द काढला नाही. एकीनं आपली पत्रावळ जराशी मागे ओढली, इतकंच.

“मी बी बसनार हाये पोरीजवळ,” अनुसया म्हणाली.

पौर्णिमा कमरेवर हात ठेवून उठली आणि तिनं आईचा हात धरला. अनुसयेचे डोळे भरून आले. लेक शेवटी लेकच! पण लेकीनं तिला पंगतीकडे नेलं नाही. बागेच्या फाटकाकडे नेलं.

“माय, तू घरी जाय.”

“तू बी असंच म्हनतं?”

“सासू पाहून राह्यली माही. लेकराले काही झालं तं मले जन्मभर आयकाव लागन. पाया पडू का तुह्या?”

आशालताबाईंना द्यायला अनुसयेजवळ उत्तर होतं. साऱ्या कॉलनीला द्यायला होतं. लेकीला द्यायला नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, लेकीच्या पोटाकडे बघता बघता तिच्याही मनात आलं, खरंच काही झालं तर?

“हौ बाई,” ती म्हणाली आणि फाटकाबाहेर गेली, पण घराकडे न वळता कुंपणापाशीच थांबली.

थोड्या वेळानं कुंपणावरून एक पत्रावळ पुढे आली. “खाय माय,” म्हणून पौर्णिमा मागे न बघता परतली. रस्त्याच्या कडेला बसून अनुसयेनं ते अन्न खाल्लं. लेकीनं दिलेलं तिला टाकवेना. चटणीचा डबा तसाच बंद राहिला.

पौर्णिमाचं बाळंतपण सुखरूप झालं. सासू सगळ्यांना सांगत सुटली, त्या दिवशी विहिणीला वेळीच घरी धाडलं म्हणून निभावलं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रस्त्याकडच्या त्या बाजूची मेंदी अनुसयेनं पुन्हा छाटली नाही. सोसायटीचे सेक्रेटरी भोजराज एकदा म्हणाले, “अनुसयाबाई, ये साइड काहे छोड़ दी?”

“राहू द्या साहेब. पंगतीले आड होते.”

ते समाधानानं मान हलवून गेले. पुढच्या नवमीला आशालताबाईही म्हणाल्या, “बरं झालं गं, कुणालाच अवघडायला नको.”

वाचकहो, या सुशिक्षित वस्तीत कुणी तिला हाकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. तुमच्या-माझ्यासारखीच चांगली माणसं होती सगळी. तेव्हा पुढच्या वेळी पानं मांडाल, तेव्हा बाहेर कोण राहिलं ते आधी बघा.

त्या दुसऱ्या नवमीला अनुसया पाण्याचा पाइप धरून रस्त्याच्या बाजूला उभी होती. पलीकडे पंगतीत, पौर्णिमाच्या मांडीवर नातू खिदळला. मेंदीत एक फट होती, वाकलं असतं तर दिसला असता. तिनं फांदी ओढली आणि ती फट बुजवून टाकली.