पुढच्या पानावरचा ‘निश्त’

“फक्त सही हवीय, बाई. तारीख तेवढी मागच्या महिन्यातली घाला,” साहेबांनी पेन माझ्यापुढे सरकवलं.

कागदावर लिहिलं होतं, ‘मजकूर मूळ जर्मनशी ताडून पाहिला, बरोबर आहे.’ खाली माझं नाव. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. हे पुस्तक मी बापजन्मात पाहिलं नव्हतं!

तेवीस वर्षं मी या ऑफिसात जर्मन यंत्रांची पुस्तकं आपल्या भाषेत आणते आहे. सगळे मला जर्मनबाई म्हणतात. जर्मनीला मी कधी गेले नाही, पण पान्याची नि पट्ट्याची जर्मन मला झोपेतही येते. आमचे मास्तर सांगायचे, “ही भाषा परकी समजू नका. आपली लांबची मावसबहीण आहे. त्यांची मुटर ती आपली माता, त्यांचा ब्रुडर तो आपला भ्राता. फक्त एक करा, जर्मन माणूस बोलून थांबेपर्यंत मान हलवू नका. त्यांचा नकार पुष्कळदा आपल्यासारखाच शेवटी येतो.”

गेल्या वर्षी ऑफिसात कॉम्प्युटरवरचं भाषांतर आलं. मी फक्त तपासायचं. पहिल्याच पुस्तकात त्याने लिहिलं, ‘आई पान्याने घट्ट आवळा.’ मुटर म्हणजे आई, आणि बोल्टावर बसतो तो नटही मुटरच. ऑफिस हसून हसून लोळलं. मी दुरुस्त केलं. पुढेपुढे घाईची कामं माझ्याकडे यायचीच बंद झाली.

हे पुस्तक त्यातलंच होतं. इस्पितळाच्या लाँड्रीतलं, कपडे पिळायचं मोठं यंत्र. टेबलावर पडलेल्या जर्मन झेरॉक्समधलं ते पान मी उघडलं. ‘ड्रम फिरत असताना झाकण उघडू नका.’ या वाक्यातला शेवटचा शब्द, ‘निश्त’, पान संपल्यामुळे पुढच्या पानावर गेला होता. कॉम्प्युटरने पान संपलं तिथेच वाक्य संपवलं. छापलं गेलं, ‘यंत्र थरथरल्यास कपडे सारखे करा. ड्रम फिरत असताना झाकण उघडा.’

लाँड्रीतल्या बाईने उघडलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

“नवीन पान छापून घेतलंय,” साहेब म्हणाले. “त्यांच्याकडचं जुनं पुस्तकही परत मागवलं. तुमची सही झाली की मिटलं.”

“म्हणजे पुस्तक पहिल्यापासून बरोबर होतं आणि बाईनेच नीट वाचलं नाही, असं?”

“एवढ्या एका शब्दासाठी ऑफिस बंद पाडायचं का? वीस माणसं जेवतात इथे.”

“तो एक शब्द तिच्या बोटांएवढा होता, साहेब! आणि माझं नाव वापरताना लाज नाही वाटली?”

“आवाज खाली घ्या.”

“घेणार नाही! तेवीस वर्षं खालीच होता.”

बाहेरची टायपिंगची टकटक थांबली. मी टेबलावरच्या जुन्या पुस्तकातलं ते पान टर्रकन फाडलं, जर्मन पानांची झेरॉक्स त्याला लावली आणि पर्स उचलली.

“उद्यापासून येऊ नका,” साहेब मागून ओरडले.

“हे वाक्य मात्र शेवटपर्यंत कळलं,” मी म्हटलं आणि जिना उतरले. नोकरी गेल्याचं निम्म्या जिन्यावर लक्षात आलं.

लाँड्रीत वाफेने भिंती घामेजल्या होत्या. ती बाई बाकावर बसून उशांचे अभ्रे घडी करत होती. उजव्या हाताला पांढरं बँडेज. अभ्रा हनुवटीखाली धरायचा आणि डाव्या हाताने दुमडायचा, असं चाललं होतं.

मी कोण ते सांगितलं. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

“उद्या चौकशी आहे,” ती म्हणाली. “सगळे म्हणतात, तुला वाचता येत नाही. मी सातवी शिकलेय हो! वाचूनच उघडलं होतं.”

मी पान पुढे धरलं. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं आणि ‘उघडा’पाशी थांबली.

“मग मी बरोबरच वाचलं होतं ना?”

“अगदी बरोबर. आमचाच शब्द राहिला. उद्या मी येते, चौकशीत तेच सांगते.”

ती पुन्हा त्या ओळीवर वाकली. “कुठला शब्द?”

मी झेरॉक्सवर दाखवला. “निश्त. म्हणजे नको, नाही.”

“निश्त,” तिने म्हणून पाहिलं. “केवढासा आहे मेला.”

मग तिने ती पानं हनुवटीखाली धरली, डाव्या हाताने कडेला कड लावून त्यांच्या चार घड्या घातल्या, आणि पोलक्यात खोचून पुढचा अभ्रा उचलला.