परत केलेली सुयुंचू

फोन शेवटपर्यंत ऐकून घेतला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ माझ्यावर आली नसती.

फोन नुरझातचा होता, माझ्या भावाच्या बायकोचा. सव्वा महिना ती राजधानीत, बिश्केकच्या इस्पितळात, आपल्या लेकीजवळ, अदिनाईजवळ होती. अदिनाई सात वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. इकडे कोचकोर गावात माझ्या घरी आम्ही नऊ बायका शिर्दाक शिवत बसलो होतो. रंगवलेल्या जाड लोकरीचे तुकडे एकमेकांत बसवायचे आणि टाचत जायचं, असा भलामोठा गालिचा. आजारी मुलांच्या आईबापांची संस्था रविवारी बिश्केकला विक्री भरवणार होती. शिर्दाक विकला गेला की अदिनाईचं पुढचं औषध तुर्कस्तानातून मागवता येणार होतं.

"ताई, रिपोर्ट आला," नुरझात म्हणाली. "हाडाच्या मज्जेत रोगाची एकही पेशी दिसत नाही म्हणतात..."

एवढंच ऐकलं. फोन तिथेच लोकरीवर टाकला आणि अनवाणी धावत सुटले.

का धावले तेही सांगते. आजाराची बातमी दारोदार मीच नेली होती, मदतीचा डबा घेऊन. पुढे पुढे मला बघून लोक गल्ली बदलायला लागले. आणि गावातल्या गोड बातम्या? त्या सगळ्या शेजारच्या गुलसूनच्या वाट्याला. कुणाला मुलगा झाला, कुणाची सून ठरली, ही बाई आधी हजर. एकदा तरी माझ्या तोंडून चांगलं काही ऐकावं लोकांनी, तेही गुलसूनच्या आधी, असं मला झालं होतं.

"सुयुंचू! सुयुंचू! अदिनाई बरी झाली!"

असं ओरडत कुणी गोड बातमी घेऊन दारात आलं की हाताला येईल ते बक्षीस द्यायचं, मागेपुढे बघायचं नाही; त्या बक्षिसालाही सुयुंचूच म्हणतात. मला रुमाल मिळाले, साबण, चहाचा पुडा, एक जिवंत कोंबडी. ऐंशीच्या घरातल्या तोक्तोबुबू आपांनी पेटी उघडली आणि निळ्या कापडाचा तागा काढला. आपल्या मयतीला येणाऱ्या बायकांना तुकडे फाडून वाटायला म्हणून त्यांनी तो वर्षानुवर्षं जपला होता.

"घे गं," म्हणाल्या. "मेल्यावर वाटायचं ते जित्या पोरीपायी गेलं. बरंच झालं."

आणि मी घेतला. गुलसूनला एवढं कधी मिळालं नसेल, असंही मनात आलं. लाज वाटते सांगायला.

घरी आले तर बायका आनंदाने आपापल्या घरी पांगलेल्या, सुया लोकरीत तशाच टोचलेल्या. फोनवर नुरझातने बोलून ठेवलेला निरोप होता. "...म्हणून आता खरे उपचार सुरू होणार. दोन वर्षं. मध्येच थांबलं तर रोग उलटतो म्हणाले. ताई, ऐकताय ना? शिर्दाक थांबवू नका हं."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी चहा केला, नऊ वाट्या मांडल्या. कुणी आलं नाही. दुपारी गुलसून डोकावली. "अजून शिवतेयस? बरी झाली ना पोर?"

तेव्हाच सांगायचं होतं. पण "हो, आता सवडीने करू," म्हणाले. तो अख्खा दिवस मी वाया घालवला, केवळ माझं तोंड वाचवायला.

शनिवारी संध्याकाळी बिश्केकचा ट्रक निघणार. शुक्रवारी उजाडताच सगळ्या वस्तू पिशवीत भरल्या, कोंबडी काखेत मारली आणि दारोदार खरं सांगून सगळं परत करायला निघाले.

"काय गं बुरुल," गुलसून फाटकातूनच ओरडली, चार घरांना ऐकू जाईल असं. "पोर बरी करायची एक सुयुंचू, आता आजारी पाडायची दुसरी काढलीस का?"

तेही गिळलं. पण कोंबडीवाल्या घरी नवरा आतून बायकोला म्हणाला, "आजार तरी खरा होता का, विचार तिला." ते मात्र वर्मी लागलं. माझ्या उतावळेपणाने त्या लेकराचं दुखणंसुद्धा खोटं ठरवलं होतं.

शेवटी तोक्तोबुबू आपांकडे गेले. त्यांनी ताग्याला हात लावला नाही.

"सुयुंचू कधी परत घेतात होय?"

"आपा, बातमी खोटी होती."

"खोटी कुठे? अर्धी होती. उरलेली आणशील तेव्हा पुन्हा काही मागू नकोस म्हणजे झालं."

"पण तोवर तुम्हाला काही..."

आपा खो खो हसल्या. "मी मरू कशी गं? पेटीत कापड कुठाय? आलेल्या बायका रिकाम्या हाताने जातील, नावं ठेवतील." मग काठी घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. सुई दिसत नव्हती त्यांना, दोरा वळत बसल्या.

आधीच्या बायकांपैकी पाच आल्या. गुलसूनही आली, माझ्याशी एक शब्द न बोलता चांगली जागा पकडून बसली, आणि तिघींचं काम एकटीने उरकलं. तरी एका बाजूची किनार अरुंदच राहिली.

शनिवारी शेवटचे टाके घालताना फोन वाजला. अदिनाई होती.

"आत्या, तुला माझ्यामुळे कोंबडी मिळाली ना?"

"परत दिली गं."

"का? मी बरी नाही झाले म्हणून?"

बायकांच्या सुया थांबल्या.

"पुढच्या वेळी सुयुंचू मी सांगेन," ती म्हणाली. "तू नको. तू पुढचं ऐकतच नाहीस."

"ऐकते. सांग."

मग ती सांगत बसली. पाठीत सुई टोचतात तेव्हा कुशीवर कसं वळायचं, जेवण कडू का लागतं, दोन वर्षं म्हणजे किती इयत्ता. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. इतर जणींनी गालिचा गुंडाळून नेला. मी मात्र उठले नाही. ती स्वतः थांबेपर्यंत फोन कानाशी धरून बसले.