विठोबाखालचं बटन

न्हावऱ्याच्या चौकात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, तशी धनश्रीनं गाडी थांबवली. गियर न्यूट्रलला आणला आणि क्लचवरचा पाय हळूच उचलला. इंजिन बंद पडलं.

"तीन," शेजारी बसलेला ज्ञानेश म्हणाला.

मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला. तिनं घाईघाईनं चावी फिरवली. ती नीट लागेना. चहाच्या टपरीवरची माणसं वाकून बघायला लागली. समोर, वेगाच्या काट्याशेजारी, एक हिरवा दिवा लागला होता.

"अहो, हा दिवा कशाचा लागतो दर वेळी?"

"तू बंद पाडलीस त्याचा. कंपनीला आधीच म्हाईत होतं, गाडी तुझ्या हातात येनार हाय म्हणून."

त्यानं काच खाली केली आणि टपरीकडं बघून हात जोडले. "बायको शिकतीय, मालक. तेवढं सांभाळून घ्या."

टपरी हसली. धनश्री उतरून पलीकडच्या बाजूला गेली. ज्ञानेशनं गाडी चालू केली, डॅशबोर्डवरच्या पितळी विठोबाच्या पायाला बोट लावलं आणि नेहमीसारखी खालची धूळ अंगठ्यानं पुसली. मग दौंडपर्यंत, चौफुल्याच्या गर्दीत आणि रेल्वे फाटकावरसुद्धा, गाडी एकदाही बंद पडली नाही. मागच्या सीटवर तिचे सासरे तात्याबा, घरातले आबा, टाळांची पिशवी मांडीवर घेऊन नामस्मरण करीत होते.

दिवाळीला गाडी आली तेव्हा धनश्रीकडं लायसन होतं. क्लासच्या जुन्या गाडीवर ती नीट शिकली होती. घरामागच्या मैदानात सकाळी ही गाडीही गुमान चालायची. रस्त्यावर येऊन दहा मिनिटं झाली, की बंद पडायला सुरुवात.

"मानसं दिसली की हातपाय गळतात हिचे," ज्ञानेश सांगायचा. तिलाही ते पटलं होतं.

दौंडला तिची आई, धुरपदा, एकटी राहायची. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. शेजारची ताईबाई दोन वेळचं देऊन जायची, पण म्हातारीला हवी होती ती लेक. एसटीनं जायचं तर दोनदा गाडी बदला, त्यात अख्खा दिवस जायचा. आणि ज्ञानेशला सवड महिन्या-दोन महिन्यांनी. शेवटी एकदा तात्याबांसमोर, विठोबावर हात ठेवून त्यानं सांगून टाकलं होतं :

"शिरूर ते दौंड, एकदाबी बंद न पाडता ने. त्या दिवसापासनं चावी तुझी. दर आठवड्याला जा आईकडं, मी अडवायचो न्हाई."

न्हावऱ्याला गाडी बंद पडली त्या दिवशी धुरपदाच्या आळीत सप्ताहाची सांगता होती, काल्याचं कीर्तन. ज्ञानेश टाळकऱ्यांत उभा राहिला. त्याचा आवाज इतका गोड, की बायकांच्या बाजूला कुणी ना कुणी हमखास म्हणायचं, "देवमानूस हाय." कीर्तनाआधी बुवांबरोबर चहा घेताना त्यानं काहीतरी सांगितलं होतं. ते काय, हे बुवा दृष्टान्ताला आले तेव्हा कळलं.

"आमच्या एका टाळकऱ्याची मालकीन गाडी शिकतीय, मंडळी. देवाचं नाव घेती, निघती. आन् चौक आला की गाडी बंद! संसाराचं असंच हाय. गाडी नवी, म्होरं पांडुरंग बसलेला, पर चालवनाऱ्याच्या पायात विश्वास न्हाई!"

मंडप हसला. टाळ एकदा जोरात वाजले. बायका माना वळवून धनश्रीकडं बघू लागल्या. कीर्तनातला शब्द आपल्या भल्यासाठीच असतो, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं पदर सारखा केला आणि हात जोडले. शेजारी धुरपदाही हसत होती. हसता हसता ती थांबली आणि तिनं लेकीचा गुडघा चाचपला.

"खरंच येत न्हाई व्हय गं तुला?"

"न्हाई येत, आई."

त्यानंतर दोन महिने धनश्रीनं स्टिअरिंगला हात लावला नाही. दौंडला जाणंही एकदाच झालं, तेही ज्ञानेशला टाळ घेऊन जायचं होतं म्हणून.

चैत्र लागला. सर्व्हिसिंगसाठी गाडी न्यायला शोरूमची मोनाली घरी आली. पाबळला गाड्यांचं काम शिकलेली, बावीस-तेवीस वर्षांची, बाहीला ग्रीस लागलेली मुलगी. बाजारात जायचं होतं म्हणून धनश्री तिच्याबरोबर बसली. मार्केट यार्डाच्या वळणावर ट्रक मागं घेत होते. मोनाली थांबली आणि इंजिन बंद पडलं.

"पडली बंद," धनश्री म्हणाली. चूक जणू तिचीच होती.

"पडली नाही हो ताई, थांबलीय. उभी राहिली की ही आपली आपण इंजिन बंद करते, पेट्रोल वाचावं म्हणून. बघा." मोनालीनं क्लच दाबला. इंजिन चालू झालं.

"चावी न फिरवता?"

"चावीला हात नाही लावायचा. फक्त क्लच."

"आन् तो हिरवा दिवा?"

"तिनं स्वतः थांबवलंय, हे सांगायला. इंजिन तापल्याशिवाय नाही होत असं. नको असेल तर हे दाबायचं." मोनालीचा अंगठा विठोबाच्या खाली गेला. तिथं बोटाच्या पेराएवढं बटन होतं. पिवळा दिवा लागला. "आता नाही थांबणार. पण चावी बंद करून परत चालू केली, की परत दाबावं लागतं. साहेबांना माहितीय की. गाडी दिली तेव्हा मीच दाखवलं त्यांना."

धनश्रीनं वाकून तो पिवळा दिवा बघितला.

"मागच्या सर्व्हिसिंगला मी म्हटलं, दर वेळी दाबायचा कंटाळा येत असेल तर कायमचं बंद होतं का बघू? तर नको म्हणाले. 'ऱ्हाऊ दे, बायको शिकतीय.'" मोनाली हसली. "मला वाटलं, तुम्हाला आवडलं असेल."

धनश्रीनं ओढणीच्या टोकानं विठोबाचे पाय पुसले, मग त्याखालची जागा. धूळ नव्हती.

रामनवमीला दौंडला जन्माचं कीर्तन होतं. सकाळी ज्ञानेश चावी घेऊन निघाला, तशी ती पायरीवर आडवी आली.

"आज मी घेते."

"घे की," तो हसला. "आबा, पट्टा लावा बरं का. रामाचं नाव घ्या."

तिनं गाडी चालू केली. विठोबाच्या पायाला बोट लावलं. मग अंगठा खाली नेला आणि दाबला.

पिवळा दिवा लागला. ज्ञानेशचा पट्टा ओढणारा हात अर्ध्यात थांबला. आरशात तिला तात्याबांचे डोळे दिसले. ते दिव्याकडंच बघत होते.

न्हावऱ्याच्या चौकात बैलगाडी आडवी आली. ब्रेक, न्यूट्रल, क्लचवरून पाय वर. इंजिन घुमत राहिलं. ज्ञानेशनं आकडा म्हटला नाही. पारगावचा पूल गेला, चौफुला गेला. फाटकावर मालगाडी जाईपर्यंत सात मिनिटं इंजिन चालू होतं. आईच्या दारात तिनं स्वतः चावी फिरवून गाडी बंद केली, चावी काढली आणि मुठीत धरली.

धुरपदा चौकट धरून उभी होती. "आलात का? आज किती येळा बंद पाडली माझ्या लेकीनं?"

"आई, आज मी..."

"आज एकदाबी न्हाई, मामी," ज्ञानेश म्हणाला. त्याचा आवाज कीर्तनातल्यासारखाच गोड होता. "आज मी चालवली."

धनश्रीनं मागं वळून बघितलं. तात्याबा पिशवी सावरत उतरत होते. चाळीस वर्षं त्यांनी एकही एकादशी चुकवली नव्हती.

"आबा?"

तात्याबांनी काचेतून विठोबाकडं बघितलं. मग पिशवीची नाडी आवळली.

"ज्ञानेशच की. दुसरं कोन चालवनार?"

"तरीच," धुरपदा म्हणाली आणि लेकीसाठी हात पुढं केला. हाताला मूठ लागली. तिनं ती चाचपली. बोटांच्या फटीतून बाहेर आलेलं चावीचं टोक तिला लागलं, आणि तिची बोटं तिथंच थांबली. मग तिनं दुसरा तळवाही त्या मुठीवर ठेवून ती घट्ट मिटली.

"आन, चावी दे," ज्ञानेशनं धनश्रीपुढं हात केला. "मंदिरापर्यंत गाडीनंच जाऊ."

म्हातारीला तो हात दिसायचा प्रश्नच नव्हता.

"जावईबापू," ती म्हणाली, "मी म्होरं बसते. तुम्ही मागं बसा, आबांजवळ."